कमरेवरच्या दोन खळ्या

प्रश्न : माझं वय 27. पुढच्या महिन्यात लग्न आहे. ब्लाउजचं माप घेताना आमच्या शिवणाच्या ताई एकदम म्हणाल्या, "अगं, तुझ्या कमरेवर दोन खळ्या आहेत की! नशीब काढशील." घरी येऊन आरशाकडे पाठ करून, मान मोडेपर्यंत वळवून पाहिलं. खरंच आहेत, कण्याच्या दोन बाजूंना एकेक. मैत्रीण म्हणते, अशा खळ्यांवाल्यांचं रक्ताभिसरण चांगलं असतं आणि "बाकी सगळंही" चांगलं असतं. मोठ्या बहिणीला खळ्या नाहीत, त्यामुळे ती रुसली आहे. हे नेमकं काय असतं? व्यायामाने येतात का? आणि नशिबाचं काय?
— एक वाचक, कराड

उत्तर : आधी बहिणीचा रुसवा काढू. त्या दोन जागा तिच्याही कमरेवर आहेत, अगदी तुमच्या आहेत तिथेच. तुमच्या दिसतात, तिच्या दिसत नाहीत, एवढाच फरक. तो का, ते सांगतो.

आरशासमोरची तुमची कसरत मात्र फार जुनी आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात 'व्हीनस कॅलिपिगी' नावाचा एक रोमन संगमरवरी पुतळा आहे. वस्त्र वर धरून, मान मागे वळवून ती बाई स्वतःचीच पाठमोरी बाजू न्याहाळते आहे. आपली पाठ आपल्याला दिसत नाही आणि जगाला दिसते, ही रुखरुख तेव्हापासूनची असावी.

आता एक करा. भांडायला उभं राहताना ठेवतो तसे दोन्ही हात कमरेवर ठेवा, बोटं पुढे आणि अंगठे मागे. हाताखाली हाडाची रुंद कड लागेल. अंगठे त्या कडेवरून मागे, थोडे खाली, कण्याच्या दिशेने सरकवत न्या. एका जागी कड संपते आणि अंगठ्याखाली एक टणक उंचवटा येतो. वैद्यकात त्याला 'पोस्टेरिअर सुपीरिअर इलिअॅक स्पाइन' असं लांबलचक नाव आहे. आम्ही मंडळी 'पीएसआयएस' म्हणून मोकळे होतो. तुमची खळी बरोबर त्या उंचवट्यावर आहे.

म्हणजे आत हाड वर आलेलं, आणि बाहेरून दिसतो खड्डा! मी तीसेक वर्षं वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना हा उलटा प्रकार सांगितला की ती हमखास आपापल्या पाठी चाचपायला लागायची. फार हडकुळ्या माणसाला खरोखरच त्या जागी खळीऐवजी दोन टेंगळं दिसतात.

उलगडा हवा असेल तर जुन्या कापसाच्या गाद्या आठवा. पिंजारी कापूस भरून झाला की मोठ्या सुईने गादीला ठिकठिकाणी आरपार टाके घालायचा. टाका पडला तिथे गादी दबायची आणि भोवतालचा कापूस फुगून वर यायचा. कमरेवर हेच झालेलं असतं. इतर ठिकाणी कातडीखाली चरबीचा थर असतो आणि कातडी त्यावर बरीचशी मोकळी सरकते. या हाडावर मात्र आखूड, चिवट तंतूंनी ती थेट हाडाला बांधलेली असते. शिवाय बरोबर त्या उंचवट्यावर स्नायू नाही. कण्यालगतचे उभे स्नायू आतल्या अंगाला, कुल्ल्याचा मोठा स्नायू बाहेर आणि खाली. आजूबाजूला मांस आणि चरबी फुगलेली, मधे टाका. झाली खळी.

बहिणीच्या पाठीवर हा टाका थोडा सैल असेल, किंवा चरबीचा थर इतका असेल की टाका बुडून गेला, किंवा इतका कमी की खड्डा पडायला भोवती काही उरलंच नाही. बायकांमध्ये या खळ्या जास्त ठसठशीत दिसतात. त्यांचं कमरेचं हाड रुंद असतं आणि चरबीही त्याच भागात जमते. हाडाची आणि चरबीची ठेवण घराण्यात उतरते, म्हणून मायलेकींच्या खळ्या जुळलेल्या दिसल्या तर नवल नाही. पण सख्ख्या बहिणींचे चेहरे तरी कुठे सारखे असतात?

गालावरच्या खळीचा आणि हिचा मात्र काही संबंध नाही. गालावरची खळी बहुधा स्नायूमुळे पडते. हसताना ओठांची कड वर ओढणारा स्नायू काही जणांत दुभंगलेला असतो आणि त्याचा एक पदर कातडीला चिकटलेला असतो, म्हणून ती हसल्यावर उमटते. कमरेच्या खळीला हसण्याची गरज नाही. ती चोवीस तास कामावर.

म्हणूनच व्यायामाने नवा टाका पडत नाही. असलेला टाका वजन कमी झाल्यावर आणि पाठीचे स्नायू भरल्यावर उठून दिसू शकतो, एवढंच. काही सौंदर्यशल्यचिकित्सक त्या जागची चरबी शोषून घेऊन कृत्रिम खळ्या करून देतात. माझं मत विचारलेलं नाही, तरी देतो : ज्या जागेकडे आयुष्यात चार वेळा मान वळवून पाहणार, तिच्यासाठी सुया टोचून घेण्यात शहाणपण नाही.

मैत्रिणीच्या "बाकी सगळंही"कडे येऊ. खळ्या असणाऱ्या स्त्रियांना शरीरसुख अधिक मिळतं, असा समज हल्ली फार पसरला आहे आणि त्याला रक्ताभिसरणाचा शास्त्रीय मुलामा दिलेला असतो. त्याला आधार नाही. खळी पडते ती कातडी आणि हाड यांच्यामधल्या बोटभर जागेत. ओटीपोटातल्या रक्तवाहिन्या खोल आत, हाडाच्या पलीकडे. गादीच्या टाक्यावरून पलंगाखाली काय ठेवलंय ते ओळखण्यासारखं आहे हे. मूल होण्याशी, मासिक पाळीशी, बाळंतपण सोपं जाण्याशीही तुमच्या खळ्यांचा संबंध नाही.

बाळंतपणावरून मात्र एका माणसाची गोष्ट सांगायलाच हवी. गुस्ताव्ह आडोल्फ मिखाएलिस. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते उत्तर जर्मनीतल्या कील शहरात प्रसूतितज्ज्ञ होते. त्या काळी युरोपातल्या गरीब वस्त्यांमध्ये मुडदूस सर्रास असे. मुडदुसात हाडं मऊ राहतात, शरीराच्या भाराने कमरेचा सांगाडा दबतो, बाळाची वाट अरुंद होते आणि आई आणि मूल दोघंही अडकतात. आत किती जागा आहे ते बाहेरून कळायचं कसं? क्ष-किरण सापडायला 1895 उजाडायचं होतं. मिखाएलिस यांनी बाईच्या पाठीकडे पाहिलं. दोन बाजूंना दोन खळ्या, वर कमरेच्या शेवटच्या मणक्याखालचा खोलगट बिंदू, खाली कुल्ल्यांमधली चीर सुरू होते ती जागा. हे चार बिंदू जोडले की शंकरपाळ्याचा आकार तयार होतो. नीट वाढलेल्या सांगाड्यावर हे शंकरपाळं प्रमाणबद्ध दिसतं. मुडदुसाने बिघडलेल्या सांगाड्यावर त्याचं वरचं टोक बसकं होतं, किंवा एक बाजू आखूड पडते. आजही प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत त्याला 'मिखाएलिसचा चौकोन' म्हणतात. त्यांनी एक हजार स्त्रियांची मापं घेतली होती. एवढी चिकाटी असलेल्या माणसाचा शेवट मात्र वाईट झाला. 1847 मध्ये व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी दाखवून दिलं, की बाळंतज्वर डॉक्टरांच्याच न धुतलेल्या हातांवरून पसरतो. तेव्हाच्या बहुतेक बड्या डॉक्टरांनी ते उडवून लावलं. मिखाएलिस यांना पटलं. त्यांनी कीलमध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सुरू केलं आणि मग मागचा हिशेब त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यांनी जिचं बाळंतपण केलं ती त्यांची चुलत बहीण बाळंतज्वरानेच गेली होती. 1848 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी रेल्वेखाली जीव दिला. अरुंद कटिभागावरचं त्यांचं पुस्तक 1851 मध्ये दुसऱ्यांनी छापून काढलं.

शंकरपाळ्याच्या त्या दोन टोकांकडे मी कधी कोरडेपणाने पाहू शकलेलो नाही, ते यामुळे.

या खळ्यांचं 'व्हीनसच्या खळ्या' हे प्रचलित नाव युरोपातून आलं. आपल्याकडे शब्द नव्हता असं मात्र समजू नका. संस्कृतात या जागेला खास शब्द आहे : ककुंदर, किंवा कुकुंदर. अमरकोशात कुल्ल्यांवरच्या दोन खळग्यांसाठी तो दिला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत शरीराच्या भागांची एक लांबलचक यादी येते, तीतही तो आहे. आणि सुश्रुतसंहितेत 107 मर्मांपैकी कुकुंदर हे एक मर्म आहे, दोन बाजूंना दोन. सुश्रुत त्याची जागा पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना सांगतो आणि ती फार खोल नसलेली, किंचित खोलगट असल्याचं नोंदवतो. म्हणजे त्याने नुसतं ऐकलेलं लिहिलं नाही, कुणाच्या तरी पाठीकडे नीट पाहिलं होतं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याने ते सांध्यांच्या मर्मांत धरलं. आजचं शरीररचनाशास्त्रही सांगतं, की खळीच्या खालीच माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड (त्रिकास्थी) आणि कमरेचं रुंद हाड यांचा मोठा सांधा आहे, सेक्रोइलिअॅक सांधा. तिथे घाव बसला तर खालच्या अंगाची संवेदना आणि हालचाल जाते, असं सुश्रुत म्हणतो. पायाकडे जाणाऱ्या नसा त्या सांध्याच्या पुढून उतरतात, हे लक्षात घेतलं की यात नवल वाटत नाही.

एक खुलासा करून ठेवतो. हल्ली 'मर्म' म्हटलं की सुगंधी तेल, मंद दिवा आणि जाडजूड बिल आठवतं. सुश्रुताची यादी शस्त्र चालवणाऱ्यासाठी होती. इथे जपून, असं तो सांगत होता. त्या यादीत भाग्य कुठेच नाही.

दोन हजार वर्षांनंतरही डॉक्टर ही खळी तशीच वापरतात, खुणेच्या दगडासारखी. दोन्ही खळ्यांमधून आडवी रेघ काढली तर ती त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यावरून जाते. तोंडी परीक्षेत हा माझा ठरलेला प्रश्न : मज्जारज्जू कुठे संपतो, आणि त्याच्या भोवतीची पाण्याची पिशवी कुठे संपते? मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. पिशवी पार खळ्यांच्या रेघेपर्यंत येते. पाठीत भूल द्यायची ती या दोहोंच्या मधे, मज्जारज्जूला धक्का न लावता. पहिली अशी भूल 1898 मध्ये ऑगस्ट बिअर यांनी दिली, तीही कीलमध्येच. त्या गावाला पाठीचं काय वेड होतं कोण जाणे.

रक्ताच्या आजारात अस्थिमज्जा तपासायची असते तेव्हा डॉक्टर बोटाने हाच उंचवटा शोधतात. हाड कातडीला लागून, आत मज्जा भरपूर, आणि हृदय-फुप्फुसं दूर. दाता मज्जा देतो तीही इथूनच.

आणि एक तपासणी तर तुमच्या शिवणाच्या ताई त्यांच्याच टेपने करू शकतील. ताठ उभं राहून खळ्यांच्या रेघेवर, मधोमध पेनाने एक खूण करायची. तिच्या वर 10 सेंटिमीटरवर दुसरी. मग गुडघे न वाकवता होईल तेवढं पुढे वाकायचं आणि दोन खुणांमधलं अंतर पुन्हा मोजायचं. लवचीक कण्यात ते 15 सेंटिमीटरच्या आसपास किंवा पुढे जातं. 1937 मध्ये शोबर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ही पद्धत सांगितली, आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या आजारात ती अजून वापरतात. त्यात पाठीचा कणा हळूहळू आखडत जातो. तुम्हाला नव्हे, पण घरात कुणा विशी-तिशीतल्या मुलाची पाठ पहाटे आखडत असेल, सकाळी अर्धा-अर्धा तास मोकळी होत नसेल, पडून राहिल्यावर वाढत आणि हिंडल्यावर कमी होत असेल, तर त्याला "रात्री फोन बघत वेडावाकडा झोपतोस" म्हणून गप्प बसवू नका. संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवा.

नशिबाचं उत्तर राहिलं. ताईंनी प्रेमाने म्हटलंय, मोडता घालू नका. ब्लाउजची पाठ किती खोल ठेवायची, ते मात्र तुम्ही ठरवा.

प्रश्न : पुरुषांना या खळ्या असतात का? मला आहेत. व्यायामशाळेत मित्र चिडवतात.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : असतात. पुरुषांच्या खळ्यांना काही जण 'अपोलोच्या खळ्या' म्हणतात. अपोलो म्हणजे ग्रीकांचा देखणा देव. पुढच्या वेळी मित्रांना हे सांगा. त्या जागी दुखत मात्र नाही ना? कमरेत कुठे दुखतं असं विचारल्यावर काही रोगी एकच बोट नेमकं खळीच्या किंचित आत आणि खाली ठेवतात. दरवेळी तीच जागा, तेच बोट. तेव्हा आम्ही मणक्याऐवजी आधी त्या सेक्रोइलिअॅक सांध्यावर संशय घेतो.

प्रश्न : माझ्या नातवाला दोन महिने पूर्ण झाले. त्याच्या कमरेवर, अगदी मधोमध, एक खळी आहे. न्हाऊ घालणाऱ्या बाई म्हणतात, देवाचं बोट लागलंय. त्या रोज तिच्यात तेल सोडतात. खळीजवळ काळ्या केसांचा छोटा झुपकाही आहे. मूल खेळकर आहे, दूध नीट पितं. काळजीचं काही आहे का?
— एक आजी, सांगोला

उत्तर : आजी, वरच्या दोन पत्रांतल्या खळ्या वेगळ्या आणि ही वेगळी. त्या दोन असतात, बाजूला असतात, हाडावर असतात. बाळाची ही एकच आहे आणि मधल्या रेषेवर आहे. मधली रेषा म्हणजे पोटातल्या बाळाचा कणा आणि मज्जारज्जू जिथे मिटून बंद होतो ती शिवण.

पुष्कळ बाळांना अशी मधली खळी असते आणि ती निरुपद्रवी असते. उथळ, तळ दिसणारी, अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान, शी-च्या जागेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत, आणि भोवतालची कातडी नेहमीसारखी. अशा खळीला काही करावं लागत नाही. खळी त्याहून वर असेल, मोठी किंवा खोल असेल, तिच्यातून पाणी येत असेल, किंवा तिच्याशी केसांचा झुपका, लाल-जांभळा डाग, मऊ गाठ यांपैकी काही असेल, तर आत मणक्याची शिवण अपुरी राहिल्याची किंवा मज्जारज्जू खाली अडकून राहिल्याची शक्यता तपासावी लागते. मूल आज खेळकर आहे ही चांगलीच गोष्ट, पण तेवढ्याने ही शक्यता सुटत नाही. अडकलेल्या मज्जारज्जूचा ताण मूल उंचीला वाढतं तसा जाणवतो. चालण्यात, शी-शूवरच्या ताब्यात. आधी कळलं तर इलाज सोपा.

खळीत तेल सोडणं आजच थांबवा, बोट किंवा काडीही घालू नका. केस कापू नका, डॉक्टरांना ते दिसायला हवेत.

दोन महिन्यांच्या बाळाच्या मणक्यांची मागची बाजू अजून कूर्चेची असते, त्यामुळे साध्या सोनोग्राफीतून आतलं दिसतं. ना भूल, ना किरण. तीन-चार महिन्यांनंतर हाड पक्कं होत जातं, मग चित्र धूसर येतं आणि एमआरआय करावा लागतो, त्यात लहानग्याला झोपवून ठेवावं लागतं. म्हणून पत्र मिळाल्याच्या दिवशीच तुमच्या सुनेला फोन करून बालरोगतज्ज्ञांकडे जायला सांगितलं. हे उत्तर छापतोय ते बाकीच्या आज्यांसाठी. बाळाला उद्या अंघोळ घालताना एकदा पालथं करून, उजेडात, कमरेची मधली रेषा नीट पाहा.